गाडी मिसिंग मारतेय? आधी कधी मारते ते बघा

प्रश्न : माझ्याकडे 2013 सालची, 100 सीसीची कार्बोरेटरवाली मोटरसायकल आहे. रोज सकाळी मानपाडा रोडवरून डोंबिवली स्टेशन, दिवसभर गाडी स्टेशनजवळ उघड्यावर उभी, रात्री परत घरी. रविवारी फार तर कल्याणपर्यंत चक्कर. यंदा गणपतीपासून गाडी सिग्नलला उभी असताना धडधडते, मध्येच बंद पडते. ॲक्सिलरेटर पिळला की आधी गचका खाते, मग उचलते. गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करून घेतला, प्लग नवा टाकला. आठ दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. आता मेकॅनिक म्हणतो, कार्बोरेटर नवा टाका, नाहीतर इंजिन खोलावं लागेल. दोष नक्की कुठे आहे हे घरच्या घरी ओळखता येईल का? पाने थोडेफार आहेत.
(एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : ओळखता येईल, आणि इंजिन खोलायला परवानगी देण्याआधी ते ओळखायलाच हवं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: प्लग बदलल्यावर आठ दिवस बरी चालली. नवा प्लग आठ दिवसांत खराब होत असेल, तर दोष प्लगचा नाही. त्याला कोणीतरी खराब करतंय. ते कोण, एवढंच आपल्याला शोधायचंय.

तुमच्या गाडीला एकच सिलिंडर आहे. न्यूट्रलमध्ये उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण 1400 फेरे मारतं. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे मिनिटाला 700 वेळा, सेकंदाला जवळजवळ 12 वेळा. त्या 12 पैकी एकदोन जरी चुकले तरी सांभाळून घ्यायला दुसरं सिलिंडर नाही, म्हणून धक्का थेट हँडलमध्ये आणि सीटमध्ये जाणवतो. पेटण्याला लागतात चार गोष्टी: योग्य तेवढं पेट्रोल, योग्य तेवढी हवा, वेळेवर पडणारी दमदार ठिणगी आणि सिलिंडरमध्ये कोंडून राहणारा दाब. मिसिंगचं मूळ या चारांपैकी एकात असतं. पाना हातात घेण्याआधी ते कुठल्या घरात आहे हे ठरवता येतं, आणि त्यासाठी फक्त लक्ष द्यावं लागतं.

चार दिवस एका चिठ्ठीवर लिहून ठेवा की गाडी कधी बिघडते. सकाळी थंड असतानाच धडधडते आणि गरम झाल्यावर सुरळीत होते का? मग इंजिनाला पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता जास्त. याच्या उलट, थंड असताना छान आणि गरम झाल्यावर सिग्नलला मरते? मग व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट घट्ट झालेत का ते बघायचं, किंवा तापल्यावर दम सोडणारी इग्निशन कॉइल. फक्त उभ्या गाडीत धडधडते आणि वेगात नीट पळते, तर कार्बोरेटरमधला स्लो जेट (उभ्या गाडीत पेट्रोल देणारं बारीक भोक) किंवा कुठूनतरी शिरणारी चोरटी हवा. उभी असताना शांत, पण चौथ्या गिअरमध्ये जोर मागितला की गचके, तर पेट्रोलचा पुरवठा, एअर फिल्टर किंवा ओझ्याखाली मार खाणारी ठिणगी. फक्त खड्ड्यात गेल्यावर क्षणभर मरते, तर वायरिंग. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर, तर प्लगची कॅप आणि तिची जाड वायर. आणि दहापंधरा मिनिटं उत्तम चालून मग दम लागल्यासारखी थांबत असेल, तर आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवा घ्यायचं बारीक भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं तेवढीच हवा वरून आत यावी लागते. ती येत नसेल तर टाकी भरलेली असूनही कार्बोरेटर उपाशी राहतो. या भोकासाठी कार्बोरेटर खोललेल्या गाड्या कमी नाहीत.

आता प्लग. पण तो रात्री घरी आल्यावर लगेच काढून काही कळणार नाही, कारण स्टेशन ते घर एवढ्या अंतरात इंजिन नीट तापतच नाही. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना मानपाड्याहून शिळफाट्यापर्यंत एका लयीत जाऊन या. घरी पोचल्यावर गाडी उभ्याउभ्या फिरत ठेवू नका, लगेच बंद करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे जाऊ शकतात. प्लगभोवतीची माती आधी फुंकून घ्या, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडेल. मग टूलकिटमधल्या प्लगपान्याने काढा आणि दिवसाच्या उजेडात बघा.

मधल्या पांढऱ्या चिनीमातीच्या टोकाचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक आहे. बोटाला लागणारी कोरडी, मखमली काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतंय, हवा कमी मिळतेय किंवा ठिणगी कमकुवत आहे. काळा आणि तेलकट ओला असेल तर ऑइल वर चढून जळतंय. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील गेल्याची ती खूण आहे, आणि तेव्हा इंजिन खोलण्याची भाषा रास्त ठरते. पांढरा पडलेला, बारीक फोड आल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडून प्लग भाजतोय. प्लगच्या दोन टोकांमधली फटही बघा. आपल्याकडच्या 100 ते 150 सीसी गाड्यांत ती बहुधा 0.6 ते 0.8 मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. 20 किंवा 30 हजार किलोमीटर चाललेल्या प्लगचं टोक झिजून ही फट वाढलेली असते आणि ठिणगीला जास्त लांब उडी मारावी लागते.

तुमचा प्लग कोरडा काळा निघेल असा माझा अंदाज आहे, आणि त्यामागे तुमचा रोजचा रस्ता हे एक मोठं कारण आहे. प्लगचं टोक साधारण 450 ते 500 अंशांच्या वर तापलं की त्याच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. सकाळी चोक ओढून गाडी चालू करायची, दहा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गर्दीतून काढायची आणि स्टेशनला बंद करायची. रात्री तेच उलट. या क्रमात टोक त्या तापमानाला पोचतच नाही. काजळी विजेला वाट देते, म्हणून ठिणगी फट ओलांडण्याऐवजी काजळीवरून सरपटत निघून जाते. पेट्रोल अर्धवट जळतं, आणखी काजळी बसते, आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा जागच्या जागी. डोंबिवली, कल्याण, ठाणे, बदलापूर, जिथे जिथे गाडी फक्त स्टेशन गाठायला वापरली जाते तिथे हा दोष घरोघरी आहे. शिळफाट्याच्या त्या फेरीनंतर गाडी दोनतीन दिवस जरा बरी चालली, तर ही साखळी तुमच्या गाडीत आहे याचा तो पुरावाच.

पण रोजचा रस्ता पूर्वीही तोच होता आणि त्रास गणपतीपासून सुरू झालाय. म्हणजे त्या रस्त्याच्या जोडीला पावसाने काहीतरी आणून दिलंय. इथे एक फुकटची चाचणी करा. इंजिन गरम असताना, उभ्या गाडीत चोक हळूहळू अर्ध्यापर्यंत ओढा. चोक ओढल्यावर धडधड कमी झाली तर इंजिन पेट्रोलसाठी भुकेलं आहे: स्लो जेट तुंबलाय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. चोक ओढताच धडधड वाढली आणि गाडी मरायला लागली, तर आधीच पेट्रोल जास्त आहे. या एका चाचणीने अर्धे तर्क गळून पडतात.

पेट्रोल जास्त निघालं, तर सगळ्यात आधी एअर फिल्टर. चार महिने पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात पाणी आणि चिखलाची धूळ मिळून लगदा झालेला असतो. फोमचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्याने किंवा केरोसिनने धुऊन, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचे थोडे थेंब चोळून पिळून बसवायचा. कागदी असेल तर पाण्याचा थेंबही लावायचा नाही. तेल लावलेला चिकट कागदी फिल्टर येतो तो हवा मारूनही साफ होत नाही, नवाच घ्यायचा. फिल्टर बाजूला काढून गाडी मिनिटभर चालू करून बघा, फरक पडला तर दोषी सापडला. मात्र फिल्टरशिवाय रस्त्यावर काढू नका, धूळ सिलिंडर खरवडते. फिल्टर निर्दोष असेल तर चोक पूर्ण परत जातोय का ते बघा. जुन्या गाड्यांत चोकची केबल किंवा पट्टी गंजून अर्ध्यावर अडकते, वर दांडी खाली केलेली दिसते आणि आत चोक ओढलेलाच राहतो. त्यानंतर नंबर फ्लोटच्या सुईचा. ती झिजली की कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल गरजेपेक्षा वर चढतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी कार्बोरेटरखाली पेट्रोलचा वास किंवा ओल दिसते का? दिसत असेल तर सुई बदला, ती संपूर्ण कार्बोरेटरच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक आहे.

पेट्रोल कमी निघालं, तर वाटीतलं पेट्रोल बघायचं. कार्बोरेटरच्या तळाशी निचऱ्याचा एक छोटा स्क्रू असतो. फ्युएल कॉक बंद करून, खाली काचेची छोटी स्वच्छ बाटली धरून तो सैल करा आणि बाटली पाच मिनिटं खिडकीत ठेवा. तळाला पाण्याचे गोल थेंब किंवा वेगळा थर दिसला, तर टाकीत पाणी शिरलंय. ते कुठून शिरतं तेही सांगतो. टाकीच्या झाकणाभोवती जी खोलगट जागा असते तिथे साचलेलं पावसाचं पाणी बाहेर काढायला एक बारीक भोक आणि त्याला खालपर्यंत जाणारी नळी असते. दिवसभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत ती धुळीने बुजते. मग पाण्याचं तळं झाकणाच्या रबरावर साचून राहतं, आणि रबर जुनं असलं की थेंब थेंब आत उतरतं. सायकलच्या ब्रेकची बारीक तार घालून ती नळी मोकळी करता येते. दर मेअखेरीस हे काम केलं तर पावसाळाभर निर्धास्त.

पाण्याचा विषय निघालाय तर इथेनॉलबद्दलही सांगायला हवं, कारण हल्ली कुठलाही दोष त्याच्या माथी मारला जातो. 2025मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं. तुमची गाडी त्याआधीची आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल देत राहतो, म्हणून जुन्या गाडीचं मिश्रण थोडं पातळ होतं. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालात अशा जुन्या दुचाकींचं मायलेज 3 ते 4 टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिला होता. मायलेजमधली तेवढी घट आणि थंड असताना किंचित कुरकुर समजण्यासारखी आहे. सिग्नलला बंद पडण्याइतकी मिसिंग फक्त त्याच्यामुळे होत नाही. इथेनॉलचा जास्त उपद्रव दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे जुनं रबर: पेट्रोलची नळी, ओ-रिंग, फ्लोटच्या सुईचं टोक फुगतं किंवा कडक होतं. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून जातं आणि जळूनही जातं, पण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर धरतात, आणि कार्बोरेटरला नेमका तळाचाच माल मिळतो. म्हणून पावसाळ्यात टाकी तळाशी नेऊन चालवू नका, अर्ध्याच्या वर ठेवा.

बाटलीत पाणी दिसलं नाही आणि तरी गाडी भुकेलेली आहे, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी किंवा धातूचा तुकडा तपासा. तिथे चीर पडली किंवा मधलं पॅकिंग गेलं की न मोजलेली हवा आत जाते. गाडी उभी ठेवून चालू करा आणि झाडांवर मारायच्या फवाऱ्याने त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा आवाज तेवढ्यापुरता बदलला तर चीर तिथेच. काही जण हीच चाचणी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारून करतात. गरम सायलेन्सरच्या शेजारी ते करू नका, आग लागते.

ठिणगीची परीक्षा रात्री घ्या. काढलेला जुना प्लग टाकून दिला नसेल तर तो कॅपमध्ये बसवा, इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्या, म्हणजे सिलिंडरमधली पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. जुन्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, रबरी कॅपलाच धरा, आणि दुसऱ्या कोणाला किक मारायला सांगा. तटतट आवाज करणारी निळी-पांढरी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मधूनच चुकणारी असेल तर कॅप, वायर किंवा कॉइल. हजारो व्होल्टचा मामला आहे, त्यामुळे ओले हात आणि उघडा धातू टाळा. बाहेर हवेत ठिणगी दिसली म्हणजे सिलिंडरच्या दाबाखालीही ती पडतेच असं नाही, हेही लक्षात ठेवा. दुसरी चाचणी जास्त बोलकी आहे: मोकळ्या, अंधाऱ्या जागेत गाडी चालू करा आणि कॅपच्या वायरीवर दुरून पाण्याचा हलका फवारा मारा. वायरीला तडा असेल तर तिच्यावरून इंजिनाकडे उडणाऱ्या निळ्या रेषा अंधारात डोळ्यांना दिसतात. खाडीकाठच्या दमट हवेत बारा वर्षं काढलेल्या वायरीत तडा असणं अजिबात नवल नाही, आणि कमकुवत ठिणगीनेही प्लग काळाच पडतो.

दाबासाठी इग्निशन बंद ठेवून किक हाताने दाबून बघा. एका ठिकाणी ती ठाम अडली पाहिजे. कुठेच अडत नसेल, लोण्यात हात घातल्यासारखी खाली जात असेल, तर दाब निसटतोय. त्यातही आधी टॅपेट बघायचे. सैल टॅपेट टिकटिक वाजून स्वतःची तक्रार करतात. घट्ट टॅपेट शांत असतात आणि तेच जास्त धोक्याचे, कारण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्याची कडा जळते. त्यांची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, तीही इंजिन थंड असताना. पहिल्यांदा ते मेकॅनिकच्या शेजारी बसून बघा, मग फट मोजायचं फिलर गेज घेऊन स्वतः करा.

एक अधिकचं साधन तुमच्या कपाटात पडलेलं असेल: पीयूसीची जुनी सर्टिफिकिटं. त्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचा पीपीएम छापलेला असतो. मागच्या दोनतीन वेळचे आकडे शेजारी ठेवून आता नव्याने पीयूसी काढा. कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल तर पेट्रोल जास्त पडतंय. तो जवळपास तेवढाच आणि हायड्रोकार्बन मात्र खूप वाढलेला असेल, तर पेट्रोल न पेटताच बाहेर जातंय, म्हणजे ठिणगी किंवा दाब. सर्टिफिकेट घेऊन खिशात घालण्याआधी हे दोन आकडे वाचायची सवय प्रत्येक गाडीवाल्याने लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

स्क्रूंबद्दल एकच सांगतो. बंद पडते म्हणून आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवायची, हा उपाय सगळ्यात आधी सुचतो आणि तोच सगळ्यात शेवटी करायचा असतो. दोष झाकला जातो आणि खुणा पुसल्या जातात. मिश्रणाच्या स्क्रूला तर हात लावण्याआधी तो किती फेरे उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. गॅरेजमध्ये कार्बोरेटर आणि प्लग एकाच दिवशी झाले, म्हणून आठ दिवसांचा आराम कशामुळे मिळाला हे आज कोणी सांगू शकत नाही.

तुमच्या पत्रावरून माझा कौल: नवा कार्बोरेटर नको, इंजिन खोलणं तर नकोच. फिल्टर, चोकची केबल, प्लगची कॅप आणि वायर, या क्रमाने बघा. आणि आठवड्यातून एकदा गाडीला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर पळू द्या.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. 2021ची, 125 सीसीची फ्युएल इंजेक्शनवाली गाडी. खड्ड्यातून गेली की क्षणभर मरते आणि पुन्हा चालू होते. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी जातो. या गाडीचं घरी काही बघता येतं का, की थेट सर्व्हिस सेंटर?
(एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : 1 एप्रिल 2020पासून धुराचे बीएस-6 नियम लागू झाले आणि आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकली इंजेक्शनवर गेल्या. कार्बोरेटरचे खेळ तिथे संपले, पण तुमचा दोष खड्ड्यात होतो, म्हणजे तो धक्क्याचा आहे आणि तो घरी शोधता येतो. आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा, सैल असतील तर पान्याने आवळा. मग, गाडीला असेल तर, साइड स्टँडचा स्विच. स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारा हा स्विच चाकाच्या चिखलात असतो. तो भरला किंवा स्टँडची स्प्रिंग सैल झाली की धक्क्याने स्टँड किंचित खाली येतो आणि गाडीला वाटतं तुम्ही उतरलात. गाडी डबल स्टँडवर चालू ठेवून साइड स्टँड हाताने जरा हलवा. इंजिन अडखळलं तर दोष सापडला. तसंच चालू गाडीत हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे फिरवा, कारण तिथे वळणाऱ्या वायरी आतून तुटतात.

चावी फिरवल्यावर सीटखाली किंवा टाकीत दोनतीन सेकंद पंपाची घूंऽऽ ऐकू आली पाहिजे. बॅटरीचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा: गाडी बंद असताना 12.4 ते 12.6, चालू करून रेस दिल्यावर साडेतेराच्या वर. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी खाली गेली की पंप आणि इंजिन सांभाळणारा संगणक (ईसीयू) दोन्ही अडखळतात आणि दोष पेट्रोलचा आहे असं वाटत राहतं. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागून इंजिन चालू झाल्यावर जायला हवा. तो लुकलुकत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. काही गाड्यांत लुकलुकण्याच्या मोजणीत दोषाचा क्रमांक असतो आणि त्याचा अर्थ गाडीच्या किंवा सर्व्हिसच्या पुस्तकात मिळतो. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका, नोंदलेला दोष त्यात पुसला जाऊ शकतो. आणि वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरचं पाणी वायरींच्या जोडांवर मारू देऊ नका.

प्रश्न : आम्ही वालधुनीला राहतो. जुलैमधल्या पावसात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर किती वेळ वाळवून किक मारावी?
(एक वाचक, कल्याण पूर्व)

उत्तर : वाळवून भागत नाही, आणि आधी किक तर मुळीच नाही. सेल्फ त्याहून नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोराने वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हास नदीने कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या सखल वस्त्यांत पाणी घातलं. पुरानंतर पाणी जितक्या लवकर काढाल तितकी गाडी वाचण्याची संधी जास्त, हे तेव्हापासून आपल्या भागातल्या मेकॅनिकना ठाऊक आहे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लग काढा. चावी बंदच ठेवून किक हाताने हळूहळू दाबा, प्लगच्या भोकातून पाणी बाहेर येईल. ते यायचं थांबेपर्यंत दाबत राहा. सायलेन्सरचं तोंड खाली करून पाणी काढा, एअर फिल्टर काढून डबा पुसा, टाकी आणि कार्बोरेटरची वाटी पूर्ण रिकामी करा. ऑइल काढा. दुधाळ, चहासारखं निघालं तर त्यात पाणी मिसळलंय. नवं ऑइल आणि ताजं पेट्रोल भरा, काढलेलं सगळं वाळवून परत बसवा, इंजिन काही मिनिटं चालवा, ऑइल पुन्हा काढा, आणि रंग स्वच्छ येईपर्यंत हे करा. या फेऱ्यांना स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं ऑइल चालतं. काढलेलं ऑइल नाल्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते भंगारवाल्याकडे जातं. ब्रेक आणि चाकांचे बेअरिंग मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. आणि गाडी इंजेक्शनची असेल तर पाणी काढून ती ढकलत किंवा टेम्पोतून सर्व्हिस सेंटरला न्या. विमा सर्वसमावेशक असेल तर काही खोलण्याआधी फोटो काढून कंपनीला कळवा.

प्रश्न : दोन प्लगवाली पल्सर आहे. चालते, पण पूर्वीचा जोर नाही आणि मायलेज पडलंय. मिसिंगसारखं वाटत नाही.
(एक वाचक, डोंबिवली पश्चिम)

उत्तर : 2003मध्ये पल्सरमध्ये डीटीएस-आय आलं तेव्हापासून एका सिलिंडरला दोन प्लग. त्यामुळे एक मेला तरी दुसरा गाडी ओढत राहतो आणि मालकाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. गाडी बंद असताना एका प्लगची कॅप काढा, तिच्यात जुना प्लग बसवून तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, मग गाडी चालू करा. नंतर दुसऱ्या बाजूला हेच. ज्या वेळी गाडी चालूच होत नाही, त्या वेळी ज्या प्लगवर कॅप होती तो मेलेला आहे, किंवा त्याची कॉइल. चालू गाडीत कॅप ओढू नका: झटका बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. एका बाजूचा प्लग हाताला अवघड येतो म्हणून सर्व्हिसिंगमध्ये कधी कधी वगळला जातो. बदलताना दोन्ही एकदम बदला.

यातल्या कुठल्याही चाचणीसाठी गाडी बंद पार्किंगमध्ये किंवा गॅलरीखालच्या कोपऱ्यात चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मोकळ्या जागेत आणा, आणि पेट्रोल काढताना जवळ उदबत्ती, सिगारेट काही नको.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गाडीचं मॉडेल, साल आणि झालेले किलोमीटर लिहा. दोष थंड इंजिनात येतो की गरम, उभ्या गाडीत की वेगात, आणि त्याआधी गाडीत काय काय बदललं होतं, एवढं लिहिलंत तर उत्तर नेमकं देता येईल. प्लग काढला असेल तर त्याच्या टोकाचा, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटोही सोबत जोडा.